चाकं खाली होती

४ फेब्रुवारी

ति. ताईस,

नमस्कार. बाकीचे उपचार तू धरून चाल. आज मी इतका वैतागलोय की मायना लांबवला तर त्यात शिवी जाईल.

येत्या १२ एप्रिलला दादाला जाऊन चाळीस वर्षं होतात आणि गावाला उमाळा आलाय. समिती नेमली. अध्यक्ष अर्थात आपले हेडमास्तर. निवृत्त झाले, पण छडी काही हातातून सुटली नाही. त्यांनी ठरवलंय की नगरभवनात काचेच्या पेटीत दादाच्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती ठेवायची आणि ती मी करायची. का, तर मी भाऊ, आणि माझा हात बारीक कामाला बसलेला. पंचवीस वर्षं या गावाच्या कवळ्या करतोय ना! समितीतल्या सात जणांपैकी पाच जण माझ्या दातांनी बोलतात. त्या दातांतून काय काय बाहेर पडणार आहे हे आधी कळलं असतं तर साचेच बिघडवले असते.

काम मात्र मनापासून घेतलंय. एकास चोवीस प्रमाण, म्हणजे खऱ्या विमानाचे चोवीस इंच तो माझा एक इंच. अंग हलक्या लाकडाचं, पंखांचे बाक कवळीच्या मेणात काढून घेतले, वैमानिकाच्या डोक्यावरची काच प्लॅस्टरच्या साच्यावर तापवून बसवली. आतली खुर्ची, पट्टे, घड्याळं, सगळं करतोय. काच चिकटवली की त्यातलं काही दिसणार नाही, पण कवळीची आतली बाजू तरी कुणाला दिसते? ती नीट नसली तर हिरडी सोलते.

आता वैतागाचं कारण. अध्यक्ष म्हणतात, काचेखाली चार खुणा रंगवा, पाडलेल्या शत्रुविमानांच्या. मी म्हटलं, दादा तुकडीत जाऊन सतराच दिवस झाले होते, त्यानं एकही विमान पाडलं नाही. तर म्हणाले, ‘खुणा नसल्या तर मुलांना स्फूर्ती कशी मिळायची?’ मला शिसारी आली. दादाच्या पुतळ्याखाली लिहिलंय तेवढं पुरत नाही का यांना? इंजिनानं पेट घेतला, तरी त्यानं विमान शाळेवरून वळवून मोकळ्या मैदानात नेलं आणि शेकडो मुलं वाचवली. एका माणसानं यापेक्षा आणखी काय करायचं?

तुला एकच विचारायचंय. शेवटच्या क्षणी चाकं पोटात होती की खाली? तू तेव्हा तेरा वर्षांची, गच्चीवर होतीस असं आई सांगायची. मी पाच वर्षांचा, मला फक्त कानांवर दाबलेले आईचे हात आठवतात. आणि पेटीवरचा पडदा तू काढावास असं मला वाटतं. चाळीस वर्षांत त्या तारखेला तू एकदाही इकडे फिरकली नाहीस.

तुझा
टिल्लू (वय पंचेचाळीस, टक्कल धरून)


१५ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. तुझी चिडचिड वाचून बरं वाटलं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

चाकं खाली होती. दोन्ही.

मी काही येणार नाही. गुडघा धरतो आणि टेलिफोन ऑफिसात दोन बायका रजेवर आहेत, माझ्याशिवाय तिथलं पान हलत नाही. पडदा हेडमास्तरांनाच काढू दे, पडदे लावायची काढायची त्यांना सवय आहे.

शाळेवरून वळताना वगैरे मी पाहिलं नाही. आपल्या गच्चीवरून शाळा दिसायचीच नाही. तू विमान कर, सुंदर कर, खुणा अजिबात काढू नकोस, आणि मला त्या दिवसाबद्दल परत विचारू नकोस. चष्मा लावून काम करतोस ना?

ताई


२२ फेब्रुवारी

ति. ताईस,

विचारू नको म्हणालीस म्हणून विचारतोय.

वाचनालयातून या जातीच्या विमानाचं जुनं माहितीपुस्तक आणलं. चाकं कधी बाहेर काढायची? एक, उतरताना. दोन, अगदी हळू जायचं असेल तेव्हा. पेटलेलं विमान गावाबाहेर न्यायची घाई असलेला माणूस चाकं खाली सोडून आपलाच वेग का घालवेल? तेव्हा तुझंच काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. खरं सांगू, मला तुझा रागही आला. दादाचं कौतुक तुला कधी सोसलंच नाही. आई त्याच्या फोटोला हार घालायची तेव्हा तू उठून मोरीत जाऊन भांडी आपटायचीस, ते मला आठवतंय.

हेडमास्तरांना विचारलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, ‘चाकं वर. आणि उगाच जुनं उकरू नका.’ मी काय उकरलं? चाकांचं विचारलं! या माणसाची कवळी गेल्या वर्षी मी तीनदा घासून दिली, आणि मला ‘उगाच’ म्हणतो.

मग वर्तमानपत्रातला तो फोटो काढला, पडलेल्या विमानाचा. साच्यातल्या चिरा बघायचं माझं भिंग आहे, ते लावलं. तुझं बरोबर आहे. चाकाचा दांडा बाहेर आलेला स्पष्ट दिसतो. पण ताई, त्या दांड्याला पांढरं कापड गुंडाळलेलं आहे. आधी वाटलं पॅराशूट, पण कापडाला शिवलेली किनार आहे. किनारीवर काळा ठिपका, आकड्यासारखा.

माझ्या दुकानासमोर इस्त्रीवाला बसतो. तू गाव सोडल्यावर त्यानं ते दुकान टाकलं, छप्पन्न-सत्तावन्नचा असेल, दिवसभरात दहा शब्द बोलतो. नगरपालिकेचं सगळं कापड त्याच्याकडे जातं. दर १२ एप्रिलला दादाच्या पुतळ्यावर टाकतात ती चादरही तोच कडक करून देतो. कापडातलं कळतं म्हणून त्याला फोटो दाखवला. त्यानं भिंग हातात घेतलंच नाही. ‘लाँड्रीची चादर आहे,’ म्हणाला, आणि तापलेली इस्त्री तशीच उचलून आत गेला. समोर शर्ट अर्धा राहिला होता.

आता सांग. मोकळ्या मैदानात चादर कुठून आली?

टिल्लू


२० मार्च

चि. टिल्लूस,

महिनाभर हे पत्र लिहून फाडतेय. आज फाडणार नाही.

अपघाताच्या आधी चार दिवस दादाचं पत्र आलं होतं, माझ्या नावावर. त्याला एक विमान एका तळावरून दुसऱ्या तळावर नेऊन पोचवायचं होतं. लढाई नाही, काही नाही. लिहिलं होतं, ‘गुरुवारी चारच्या सुमारास जरा वाट वाकडी करून घरावरून जातो. वरून सगळी छपरं सारखीच दिसतात, तेव्हा गच्चीवर पांढरी चादर घेऊन उभी राहा आणि जोरात हलव. म्हणजे मला आपलं घर कळेल. आईबाबांना आत्ताच सांगू नकोस, गंमत करू.’

मी उभी राहिले. तो आला. पण आपल्या घरामागे त्या काळी इस्पितळाची लाँड्री होती, तुला आठवणार नाही. जखमी शिपायांच्या चादरी तिथे धुवून मागच्या पटांगणात वाळत घालायचे. त्यानं माझी एक चादर पाहिलीच नाही. त्याला ते अख्खं पटांगण पांढरं हलताना दिसलं आणि तेच आपलं घर वाटलं. पहिली फेरी उंचावरून मारली. दुसरी खालून. तिसऱ्या वेळी चाकं खाली सोडली, हळू जाऊन नीट बघता यावं म्हणून. मी गच्चीवरून ओरडत होते, ‘इकडे, अरे इकडे!’ विमान जागच्या जागी अडखळल्यासारखं झालं आणि दगड टाकावा तसं पडलं. आग पडल्यानंतर लागली, आधी नाही.

तिथे तीन बायका होत्या. तिघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी लष्कराचे दोघे बाबांकडे आले. हेडमास्तर, तेव्हा साधे मास्तर होते, तेही येऊन बसले. मी दाराआड होते. लष्करातला एक म्हणाला, ‘मोकळं मैदान असं लिहिलेलं बरं, लोकांचं धैर्य खचतं.’ शाळेची भर मास्तरांनी घातली. टिल्लू, त्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती. आत चिटपाखरू नव्हतं. गावातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं, आणि प्रत्येकानं पुतळ्याला हार घातला.

संध्याकाळी बाबांनी दादाचं पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि चुलीत टाकलं.

मी का येत नाही ते आता कळलं असेल.

ताई


२४ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि बेसिनवर ओणवा झालो. अतिशयोक्ती नाही.

कुणाकुणाची किळस करू? हेडमास्तरांची करतोच आहे. बाबांची आली. दादाची आली, आणि त्याची आली म्हणून स्वतःची आली. पण सगळ्यांत जास्त ओकारी आली ती माझ्या या दुकानाची. ‘वीराचा भाऊ’ म्हणून नगरपालिकेनं मला मोक्याची जागा दिली. शाळेत पहिला बाक दिला. कुठल्याही समारंभात पहिल्या रांगेत खुर्ची. चाळीस वर्षं मी त्या खुर्चीत ऐसपैस बसलोय, आणि समोरचा इस्त्रीवाला माझ्याकडे बघत त्या पुतळ्याच्या चादरीला इस्त्री करतोय.

तुझीही आली, खोटं कशाला बोलू. तू गेलीस आणि मला इथे टाळ्या वाजवत ठेवलंस.

काल हातोडी घेऊन विमानासमोर उभा राहिलो होतो. पण मोडलं तर हे लोक म्हणतील, धाकटा जळकुटा निघाला, आणि दुसरं विकत आणतील. तेव्हा मोडणार नाही. पुरं करणार. चाकं खाली, जशी होती तशी. आणि विमानाखाली पटांगण करणार, त्याच मापानं, एकास चोवीस. चादरींसह, बायकांसह. पेटीवर कापड राहील, कुणाला आधी दाखवणार नाही.

मला अंदाजपंचे काही करायचं नाही. दोऱ्या किती होत्या, बायका कुठे उभ्या होत्या, तोंडं कुठे होती, सगळं कळव. एवढं तरी कर.

टिल्लू


२९ मार्च

चि. टिल्लूस,

दोऱ्या सहा, पूर्व-पश्चिम. बांबू दोरीगणिक तीन. पटांगणाच्या डाव्या कडेला दगडी हौद, त्याच्या शेजारी लाकडी घोडा, त्यावर पिळलेल्या चादरींचा ढीग. तिघी तिसऱ्या दोरीपाशी. एक थोराड, पदर खोचलेली. एक उंच, किडकिडीत. एक वयानं मधली, ती हौदाकडून धावत येत होती. तोंडं वर, विमानाकडे.

चादरी अगदी पांढऱ्या करू नकोस. रक्ताचे डाग कितीही उकळलं तरी पिवळट राहायचे.

तू मला जे म्हणालास ते मी ऐकून घेतलं.

ताई


१३ एप्रिल

ताई,

झाला समारंभ. सविस्तर लिहितो, म्हणजे माझ्या एकट्याच्या पोटात राहणार नाही.

जवळजवळ तीन आठवडे दुकान बंद ठेवून काम केलं. चादरी दाताला लावायच्या जाळीदार कापडाच्या, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट केल्या. बायका कवळीच्या गुलाबी मेणात कोरल्या, करंगळीएवढ्या. थोराड बाईच्या खोचलेल्या पदराची चुणीसुद्धा काढली. विमान तारेवर, तिसऱ्या दोरीच्या वर हातभर, चाकं खाली. ताई, मी आजवर केलेलं हे सर्वांत चांगलं काम आहे.

हेडमास्तरांनी कापड ओढलं. वाटलं, आता कुणीतरी उठेल, कुणीतरी खाली मान घालेल. त्या सभेत साठीच्या पुढची पन्नास तरी माणसं होती, सगळ्यांनी ती लाँड्री पाहिलेली.

हेडमास्तर दोन क्षण बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, ‘पाहा! शांततेची शुभ्र निशाणं घेऊन माताभगिनी आपल्या वीराला निरोप देताहेत! काय ही कल्पना!’

टाळ्या. इतक्या टाळ्या की पेटीची काच थरथरली. समितीतले पाचही जण हसले, आणि ते दात माझे होते.

मी उठलो. ओरडूनच म्हणालो, ‘निशाणं नाहीत, ती लाँड्री आहे! या तिघी विमानाखाली मेल्या. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती!’ हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सभेला सांगितलं, ‘भावाचं काळीज आहे, भरून आलंय त्यांना.’ मागून बँड सुरू झाला. कुणीतरी मला पाणी दिलं. दोघींनी डोळे पुसले, माझ्यासाठी! माणसं इतकी गुळगुळीत असू शकतात हे तोंडात हात घालून पंचवीस वर्षं काम केलं तरी मला कळलं नव्हतं.

सगळे चहाला गेले. मी पेटीपाशी एकटा उभा होतो. तेवढ्यात इस्त्रीवाला आला, पेटीवरचं कापड परत न्यायला. त्यानं ते उचललं, झटकलं, घडी घातली. मग वाकून काचेतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोटानं थोराड बाईकडे दाखवून म्हणाला, ‘ही आई. पदर असाच खोचायची.’

मग म्हणाला, ‘चार होत्या.’

मी म्हटलं, ‘तीन. मला ताईनं कळवलंय.’

‘चार,’ तो म्हणाला. ‘धाकटी माझी बहीण. तुमच्या ताईच्या बरोबरीची. कामाला नव्हती ती, आईचा डबा घेऊन आली होती. तिनंच तर सगळ्यांना सांगितलं, विमान येणारे, माझ्या मैत्रिणीचा भाऊ आहे, चला चादरी हलवू या. मी हौदावर होतो. मला म्हणाली, तूही ये. मी म्हटलं, मला कामं आहेत.’

कापड काखेत मारून तो गेला. रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर मला उभं राहता आलं असतं.

म्हणजे चादरी दोरीवर वाऱ्यानं हलत नव्हत्या. त्या बायका हलवत होत्या. दादा उगाच नाही फसला. आणि त्या बायकांना कुणी सांगितलं, ते तुला ठाऊक होतं. मी तुझ्याकडे माप मागितलं, आणि तू मला एक माणूस कमी दिलंस. हेडमास्तरांनी शाळा वाढवली, तू मुलगी गाळलीस. फरक काय?

हेडमास्तरांना काचेखाली चार खुणा हव्या होत्या. त्यांचा आकडा बरोबर निघाला.

पेटीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. मेण तापत ठेवलंय. ती कशी दिसायची?

टिल्लू


१७ एप्रिल

चि. टिल्लूस,

फरक काही नाही.

आपल्या घरात पांढरी चादर नव्हती. आईच्या सगळ्या फुलाफुलांच्या. गुरुवारी दुपारी ती डबा घेऊन आली तेव्हा मी तिला लाँड्रीच्या फाटकात गाठलं आणि एक चादर मागितली. कशाला, म्हणाली. दादानं सांगितलं होतं कुणाला सांगू नकोस, पण ती माझी मैत्रीण होती, तिला सांगायचं नाही तर कुणाला? तिनं आत जाऊन दोरीवरची एक ओढून आणून दिली आणि म्हणाली, ‘तू एकटीच हलवणार होय? आम्हीपण हलवतो, तुझ्या दादाला किती बरं वाटेल!’ मला फार आनंद झाला. मी तिला मिठी मारली आणि पळत गच्चीवर गेले.

तुला ‘तीन’ लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नाही. चाळीस वर्षं मनाशी तीनच म्हणत आलेय. हेडमास्तरांना नावं ठेवताना मला कधी लाज वाटली नाही, ती आज वाटतेय, आणि तिच्याबरोबर जे वाटतंय ते तुझ्याच शब्दात, किळस.

आता माप घे. माझ्याहून चार बोटं बुटकी. दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. परकर आखूड झालेला, घोटे दिसायचे. ती तिसऱ्या दोरीपाशी नव्हती, सगळ्यांच्या पुढे होती, पहिल्या दोरीच्याही पुढे. हात वर कर, दोन्ही, पूर्ण. घाबरलेली करू नकोस. ती हसत होती, मला गच्चीवरून दिसत होतं. तोंड विमानाकडे नाही. माझ्याकडे होतं.

तिच्या हातातली चादर जाळीच्या कापडाची करू नकोस. तिनं दिलेली चादर माझ्या ट्रंकेत आहे. किनारीवर काळ्या शाईनं आकडा आहे, अजून वाचता येतो. पाहिजे तेवढा तुकडा कापून आणते.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. आधी तुझ्याकडे नाही, समोरच्या दुकानात जाईन. तो काय म्हणेल ते ऐकून मग रस्ता ओलांडून येईन. तो काही म्हणालाच नाही तरी येईन.

आणि तो तुकडा त्याच्याकडे इस्त्रीला देऊ नकोस. मी घरूनच करून आणते.

ताई